परत यायचा नियम

जासई, ४ नोव्हेंबर २०२५

भाविका,

हे पत्र हौसाच्या हाती देते. ती रोज मासळी घेऊन कामोठ्याला येते, तुमच्या बिल्डिंगखालीच बसते. तिला सांगून ठेवलंय, भगवानच्या पोरीला खाली बोलव आनि तिच्याच हातात दे, वॉचमनकडं नको. कागदाला बोंबलाचा वास येईल. येऊदे.

फोन का नाय केला ते सांगते. तुझा बाप काल बोलला, अमेरिकेच्या व्हिसाचा नवीन कायदा आलाय, फोनमदलं सगळं उघडं ठेवायचं, तिकडचा सायब वाचनार. मी तिथंच फोन ठेवला. आपन बोलतो त्यात निम्म्या शिव्या असतात आनि त्या सगळ्या तुझ्या बापाला असतात. सायबाला त्या कशाला. तुझी मुलाखत होईस्तोवर मी फोनवर एक शब्द बोलनार नाय. चौथी झालेय, लिहिता येतं.

आता कामाचं. भात शिकायला अमेरिकेला जायचं हे मला अजून पटलेलं नाय. आपल्या सात पिढ्या भातात उभ्या राहिल्या, कोनी इमानात बसलं नाय. पन तू बोललीस, खाऱ्या जमिनीत तग धरनारं बियानं तिकडच्या कॉलेजात करतायत, दीड वर्ष त्यांच्या शेतावर काम करायचं, पगार तेच देनार. बरं. मी हो बोलले ते एकाच गोष्टीवर, ती इसरू नको. तुझ्यासारखं शिकायला जानाऱ्यांचा जो व्हिसा हाय त्याला नियम हाय, काम झालं की दोन वर्ष आपल्या देशात येऊन राहायचं, त्याबिगर तिकडं नोकरी नाय. तूच गेल्या वर्षीच्या दिवाळीला वाचून दाखवलंस. तुझी आई रडत होती, बाप तिच्याहून मोठ्यानं रडत होता. मी बोलले, रडताय कशाला, सरकारच तिला परत धाडनार हाय. तवा कुठं दोघं जेवले.

जायच्या आधी सत्कार, डीजे, पार्टी काय नको. आनि माझ्या दिराच्या निकेशला कळू देऊ नको. यंदा त्याला पंचायत समितीला उभं राहायचंय, ब्यानर लावायला निमित्त शोधतोय. परवा म्हशीला रेडकू झालं त्याचा लावला. म्हशीच्या डाव्या बाजूला ह्याचा फोटो, हात जोडून.

हळदीतले नाचाचे फोटो काढून टाक. तू टेबलावर चढलेयस.

चंद्रावती आत्या


कामोठे, ६ नोव्हेंबर २०२५

आत्या,

हौसामावशीने तुझं पत्र पापलेटांच्या खालून काढलं, झटकलं आणि दिलं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, कुरिअरचा रेट काय, किलोवर का?" उत्तर तिच्याच हाती पाठवतेय. खरं तर फोन कोणीही ऐकत नाही. फक्त फेसबुक, इन्स्टाग्रामची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची आणि पाच वर्षांतल्या खात्यांची नावं फॉर्मवर लिहायची. पण तू पत्र लिहितेस ते मला आवडलंय, म्हणून तुला पटवत बसत नाही.

हळदीचे फोटो काढता येणार नाहीत. ऐनवेळी पुसलं तर काहीतरी लपवतेय असं वाटेल. त्यामुळे साहेबाला मी टेबलावर नाचताना दिसणार, आणि माझ्या मागे तू, पातेल्यावर ठेका धरलेली. तयारी ठेव.

मुलाखत तीन डिसेंबरला, मुंबईत बीकेसीला, अमेरिकेच्या वकिलातीत. तिथल्या साहेबाला एकच गोष्ट पटली पाहिजे, की काम संपल्यावर मी परत येणार. नाही पटली तर व्हिसा नाही. बारा जानेवारीला तिथे हजर व्हायचंय. नाही पोचले तर जागा दुसऱ्याला जाईल, आणि असली जागा पुन्हा येत नाही आत्या. खाऱ्या जमिनीवर काम करणाऱ्या आम्ही शंभर-दीडशेजणांनी अर्ज केले होते, दोघांना घेतलं.

नियमांचं म्हणशील तर सध्या झोपून उठलं की बदललेले असतात. समोरच्या रमाकाकूंचा सत्यजीत आठवतो ना, तिकडे कंपनीत आहे तो? सप्टेंबरात आजोबांच्या श्राद्धाला आला होता. पानावर बसला आणि बातमी आली, कामाच्या व्हिसाला आता एक लाख डॉलर भरायचे. हा वरणभात कालवलेल्या हाताने टॅक्सीत. भटजी म्हणाले, कावळा शिवेपर्यंत तरी थांब. नाही थांबला. तिकडे उतरला तर कळलं, ते फक्त नव्या अर्जांना आहे. रमाकाकू अजून म्हणतात, आजोबा उपाशी गेले.

दोन वर्षांच्या त्या नियमाचं मी जासईला आले की सविस्तर बोलू. पत्रात नको.

तुझी,
भावी


जासई, २१ नोव्हेंबर २०२५

भाविका,

निकेशला कळलं. तुझ्या बापानी सांगितलं, दुसरं कोन सांगनार. पेढ्याचा डबा घेऊन आला होता इकडं, पोटात ठेवायला जागा नाय त्याच्या.

परवा सकाळी नाक्यावर वीस फुटी ब्यानर. मधी तू, कॉलेजातल्या काळ्या झग्यात. भोवती चाळीस डोकी, त्यातली तीस तुला ओळखत नाय. मी पन हाय, आधार कार्डावरला फोटो, पकडून आनलेल्या बाईसारखा. आनि लिहिलंय काय, आपल्या सर्वांच्या लाडक्या भाविकाताई कायमच्या अमेरिकेला जात असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

कायमच्या. हातायेवढाल्या अक्षरात.

मी निकेशला बोलले, अरे दादूस, तिला सायबाला सांगायचंय की मी परत येनार, आनि तू नाक्यावर काय लावलंस. तो बोलला, काकी, दीड वर्षासाठी कोन ब्यानर लावतो, कायमच्या लिहिलं की वजन येतं. वर बोलला, फोटो फेसबुकला टाकलाय, तुझं नाव जोडून, सहाशे लाईक हायत. मी बोलले काढ. तो बोलला बघतो. त्याचं बघतो मला ठाऊक हाय, गटार बांधतो मनून तीन वर्ष बघतोय.

मंग मी वाट नाय बघितली. दुपारी जेवनाच्या टायमाला नाका रिकामा असतो. आंबे काढायच्या काठीला कोयता बांधला आनि गेले. सगळं ब्यानर फाडलं असतं तर मारामारी झाली असती, मनून तेवढा एक शब्द कापून काढला. चौकोनी, नीट. एक ड्रायवर कंटेनर थांबवून बघत होता, बोलला, "मावशी, पार्टी बदलली काय?" मी बोलले, तू तुझा कंटेनर बघ.

आता बरोबर वाचतं. मागं कसलं तरी जुनं ब्यानर होतं, तसंच ठेवून वर हे ठोकलंय. भोकातून त्याचं काळं-पांढरं कायतरी दिसतं. माझा चष्मा घरी होता. कोन बघतो येवढं.

काम झालं. तू निवांत अभ्यास कर.

आत्या


कामोठे, २३ नोव्हेंबर २०२५

आत्या,

त्या भोकातून "श्रद्धांजली" दिसतंय.

गेल्या महिन्यात वारलेल्या वायरमनचं बॅनर होतं खाली. तू जिथे कापलंस तिथे अगदी बरोबर तो एक शब्द आला. आता नाक्यावर असं आहे: आपल्या सर्वांच्या लाडक्या भाविकाताई श्रद्धांजली अमेरिकेला जात असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मध्ये माझा हसरा फोटो.

काल सकाळी आठला बेल वाजली. दार मी उघडलं. बाहेर आपल्या कोन गावच्या सात बायका, पांढऱ्या साड्यांत. पुढच्या म्हातारीने माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "गेली गो आपली भावी." मी म्हटलं, आजी, मीच भावी. ती डोळे पुसून म्हणाली, "हो गो, बहिणी तशाच दिसतात." मला बहीण नाही. मागून पप्पा आले तर त्यांना धरून बसवलं आणि पाणी पाजलं. पप्पांना वाटलं, खरंच कोणीतरी गेलं. तेही रडायला लागले. कोण गेलं ते विचारायला अर्धा तास कोणाला सुचलं नाही. मग आईने सगळ्यांना पोहे केले, कारण आलेल्यांना उपाशी कसं पाठवायचं, आणि बायकांनी खाल्ले, पण एकीने विचारलं, "दहाव्याच्या आधी फोडणीचं चालतं ना?"

दुपारपर्यंत तीन रिक्षा आल्या. हौसामावशीने माझ्या नावाने मासे फुकट वाटले आणि नंतर मी खाली दिसले तेव्हा मलाच रागावली.

हसून हसून माझं पोट दुखलं आत्या. रात्री फोन बघितला तेव्हा हसू थांबलं. त्या कापलेल्या बॅनरचा फोटो कोणीतरी काढून माझ्या खात्याला जोडलाय. खाली दोनशे बारा लोकांनी आदरांजली वाहिलीय. आणि निकेशदादाचा पहिला फोटोही तिथेच आहे. म्हणजे दहा दिवसांनी साहेब माझं नाव टाकणार आणि त्याला दोन गोष्टी कळणार. एक, ही मुलगी कायमची यायला निघालीय. दोन, ती वारलीय.

दुसरीचं मी समजावू शकेन. समोर उभीच असेन. पहिलीवरून व्हिसा नाकारतात. तू निकेशदादाला गाठ आणि त्याच्याकडून ते काढून घे. माझा फोन तो उचलत नाही, बहुतेक घाबरलाय.

भावी


जासई, २४ नोव्हेंबर २०२५

भाविका,

निकेशकडं गेले. समोर उभी राहून दोन्ही फोटो काढायला लावले. दुसरा त्याच्याच कार्यकर्त्यानी टाकला होता. नाक्यावरचं ब्यानर पन उतरवलं. लोकांच्या फोनात गेलंय ते गेलंय.

पन जाताना तो बोलला, काकी, मी खोटं काय लिहिलं? तो परत यायचा नियम उठलाय. गेल्या वर्षी डिसेंबरातच त्यांनी देशांची यादी बदलली, आपल्या देशाचं नाव त्यातनं काढलं. आता दोन वर्ष येऊन राहायची सक्ती नाय. त्यानी फोनवर वाचून दाखवलं. मी दोनदा वाचायला लावलं.

तुला ठाऊक होतं का? हो का नाय, तेवढंच लिही. पाल्हाळ नको.

चंद्रावती


कामोठे, २५ नोव्हेंबर २०२५

आत्या,

हो. जुलैपासून.

पाल्हाळ नको म्हणालीस, तरी चार ओळी वाच. मी तुला वाचून दाखवला तेव्हा नियम होता. खोटं नव्हतं ते. जुलैत कॉलेजचे कागद आले त्यात लिहिलं होतं, तुमच्या देशाला हे बंधन आता लागू नाही. वाचून मला पहिल्यांदा हलकं वाटलं. मग हलकं वाटल्याची लाज वाटली. मग वाटलं, आत्याला कळलं तर ती पप्पांना सांगेल, पप्पा आईला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गप्प बसले. जासईला येते, बोलू, म्हणत राहिले आणि चार महिने आले नाही, ते त्याचमुळे.

काम संपलं की परत यायचं हेच मी ठरवलंय. साहेबाला सांगायला म्हणून नाही, खरंच ठरवलंय. पण ते मी ठरवलंय, कोणी मला बांधलेलं नाही. आणि तू ज्या गोष्टीवर हो म्हणालीस ती गोष्ट आता राहिलेली नाही. ते तुझ्यापासून लपवून तिथे जाऊन उभं राहायचं हे मला आता जमणार नाही.

तू नको म्हणालीस तर मी तीन तारखेला जात नाही. रागाने नाही लिहीत. खरंच नाही जाणार.

भावी


जासई, २८ नोव्हेंबर २०२५

भाविका,

भाताची झोडनी चालू होती मनून लिहायला उशीर झाला. खोटं हाय. झोडनी एका दिवसात उरकली. दोन दिवस मी रागात होते. हौसाला रोज सांगत होते, आज पत्र नाय, आज पन नाय. ती बोलली, मंग मला बोलावतेस कशाला.

रागात भांडी घासताना एक कळलं. मी तुला हो बोललेच नव्हते. मी कायद्याला हो बोलले होते. तुझ्यावर भरोसा ठेवायचं काम माझं, ते मी सरकारवर टाकून मोकळी झाले, आनि सरकारनी नियम काढून घेतला तर तुझ्यावर डाफरले.

मी सतरा वर्षांची असताना कोन गावावरून इथं लग्न होऊन आले. परत यायचं असं कोनी लिहून घेतलं नव्हतं. उलट सासू बोलायची, आता मायेर संपलं. तरी दरसाल लावनीला मी कोनला जायची. इथली लावनी उरकून, चिखलानं पाय सुजलेले, पहाटे चालत निघायची. सासू शिव्या द्यायची, बाबा बोलायचे कशाला आलीस. मला जायचं असायचं मनून जायची. बाबा गेले तवा थांबले. सक्ती असती तर पहिल्याच वर्षी कायतरी निमित्त काढून घरी बसले असते, माझा सोभाव तुला ठाऊक हाय. सक्तीनं आलेली बाई दिवसभर भांडी आपटते. तसली तू मला घरी नको.

तुझ्या बापाला मी सांगितलं. रडला, मंग इचारलं जेवायला काय हाय.

तर जा. इचारतील तेवढंच सांग आनि खरं सांग. ब्यानरचं इचारलं तर माझं नाव घे, घाबरू नको, मला कुठं व्हिसा पायजे. गजरा माळू नको. आई सायबासाठी करंज्या देईल, घेऊ नको.

आत्या


कामोठे, ३ डिसेंबर २०२५

आत्या,

करंज्या दिल्या. गेटवर सिक्युरिटीने डबा आत नेऊ दिला नाही, मग रांगेतल्या सगळ्यांनी बाहेरच खाल्ल्या. पुण्याचे एक काका म्हणाले, व्हिसा नाही मिळाला तरी आजचा दिवस फुकट नाही गेला.

साहेब नव्हताच. मॅडम होत्या, चाळिशीच्या, चष्मा गळ्यात. कागद घेतले, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत स्क्रीनकडे. पहिला प्रश्न:

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

म्हणजे फोटो काढायच्या आधीच बघितलं होतं. मी म्हटलं, मॅडम, मी जिवंत आहे, तो बॅनरचा घोटाळा आहे. त्या म्हणाल्या, सांगा. मी सांगितलं. काठी, कोयता, जेवणाची वेळ, खालचा वायरमन. शेजारच्या खिडकीतला साहेब आपला माणूस सोडून ऐकायला लागला. मॅडमनी चष्मा लावला आणि विचारलं, "पण तुमच्या आत्याने कोणता शब्द कापला?"

मी म्हटलं, कायमच्या.

"का कापला?"

मी म्हटलं, कारण तो खरा नव्हता.

आत्या, मग त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, परत यायचं बंधन आता तुम्हाला नाही, माहीत आहे का? मी म्हटलं, माहीत आहे, आणि आत्यानेही तिच्या बाजूने काढून टाकलंय. "मग तुम्ही का परत याल?" मी म्हटलं, मी जे शिकायला चाललेय ते खाऱ्या जमिनीचं आहे, आणि ती जमीन तिच्या घरामागे आहे, दोन बाजूंना कंटेनर यार्ड आणि मध्ये चौदा गुंठे भात. तिकडचं बियाणं त्या चौदा गुंठ्यांत नीट उगवलं तर माझं शिक्षण झालं, नाहीतर नाही झालं. त्यांनी विचारलं, जमीन किती खारी आहे ते कसं मोजता. मी म्हटलं, मी मीटरने. आत्या चिमूटभर माती जिभेवर ठेवते आणि थुंकून सांगते. दहापैकी नऊ वेळा दोघींचं जुळतं. त्या म्हणाल्या, आणि दहाव्या वेळी? मी म्हटलं, मीटर बिघडला होता.

पासपोर्ट ठेवून घेतला. ठेवून घेतला म्हणजे मिळाला.

एकूण पाच मिनिटं. बाहेर येऊन फुटपाथवर मी एकटीच हसत उभी होते. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "मिला ना? जिनको नहीं मिलता वो फोन पे बात करते हैं."

दहा जानेवारीचं विमान आहे. काम संपेल २०२७ च्या जूनच्या सुरुवातीला. तू मला ये म्हणाली नाहीस आणि राहा पण म्हणाली नाहीस. पप्पा रोज विचारतात, आत्या काय म्हणते. काय सांगू त्यांना?

भावी


जासई, १८ डिसेंबर २०२५

भाविका,

आता फोन केला असता तरी चाललं असतं. पन हौसाला सवय झालीय, दारात येऊन हात पुढं करते.

मी पासपोर्टचा अर्ज टाकला.

कोनाला बोलले नव्हते, उगाच गवगवा नको. परवा पासपोर्टच्या हापिसात जाऊन आले. तिथल्या पोरीनी इचारलं, आजी, कुठं जायचंय, दुबईला? मी बोलले, अमेरिकेला, भात बघायला. ती बोलली, जन्मतारीख? मी बोलले, आधारवर एक जानेवारी लिहिलीय, ती मास्तरनी ठरवली, मला इचारलं नव्हतं, पन तुमाला तीच चालत असली तर मला पन चालते. मंग बोटांचे ठसे. मशीनीत उमटेनात. भात कापून कापून बोटं गुळगुळीत झालीत. तीनदा हात धुवून आले, चौथ्यांदा तिनी माझं बोट आपल्या हातानी दाबून धरलं तवा अंगठा उमटला. मागची रांग टाळ्या वाजवत होती. मी बोलले, टाळ्या कसल्या, पुढं सरका.

फिरायच्या व्हिसाला तारीख मिळायलाच आठ-दहा महिने लागतात बोलतात. लागूदेत. मला घाई नाय. त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात, रोपांच्या जागेवरला राब भाजून झाला की, मे महिन्यात मी येईन. वीस दिवस. तुझं ते खाऱ्यातलं भात डोळ्यांनी बघेन, माती जिभेवर ठेवेन आनि तुझ्या मास्तरांना सांगेन कुठं चुकतंय.

मला पन इचारतील, परत जानार का. तर तुझा नियम उठला असंल, माझा नाय उठला. मृगाच्या आत मला घरी यायलाच लागतं, पेरनी हाय, ती माझ्यासाठी थांबत नाय.

बापाला सांग, आत्या जाताना एक तिकीट काढनार हाय. येताना किती काढायची ते तू ठरव.

चंद्रावती आत्या